औषध मूळ नावाने. हमी कोणाच्या नावाने?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ च्या आरंभी डॉक्टरांच्या व्यवसायवर्तनाचे नवे नियम जाहीर केले. रुग्णाला औषध लिहून देताना ते व्यापारी नावाने न लिहिता मूळ नावाने, म्हणजे ज्याला आता सर्वत्र जेनेरिक म्हटले जाते त्या नावाने, लिहिणे या नियमांनी बंधनकारक केले होते आणि ते न पाळणाऱ्या डॉक्टरावर कारवाईची तरतूदही केली होती. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि महिना उलटण्याच्या आत आयोगाने हे नियम स्थगित केले. इतक्या मोठ्या निर्णयाने इतक्या थोड्या दिवसांत पाठ फिरवावी याचे अनेकांना आश्चर्य वाटले. परंतु औषधांच्या नावांचा या देशातील इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना तसे वाटण्याचे कारण नव्हते.

१९७४ साली केंद्र सरकारने जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखाली औषध उद्योगाची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. एप्रिल १९७५ मध्ये या समितीने अहवाल दिला आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, आरंभ तेरा औषधांपासून करावा, अशी निःसंदिग्ध शिफारस केली. १९७८ च्या औषध धोरणात तेराची पाच औषधे झाली. जानेवारी १९८१ मध्ये अ‍ॅनाल्जिन, अ‍ॅस्पिरिन, क्लोरप्रोमाझिन, फेरस सल्फेट आणि पायपरेझिन या पाचांसंबंधीची अधिसूचना निघाली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९८२ मध्ये ती दिल्ली उच्च न्यायालयात टिकली नाही. तेराची पाच आणि पाचांचे शून्य असा हा हिशेब आहे. पुढे भारतीय वैद्यक परिषदेने २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरांनी ‘शक्यतो’ मूळ नावे लिहावीत असे म्हटले. ‘शक्यतो’ या शब्दाचे जे व्हायचे तेच झाले. २०१६ मध्ये तो शब्द गाळण्यात आला आणि अक्षर सुवाच्य असावे अशीही पुस्ती जोडण्यात आली. चिठ्ठ्या मात्र पूर्वीसारख्याच लिहिल्या जात राहिल्या.

अर्धशतकभर एकच शिफारस पुन्हा पुन्हा केली जाते आणि पुन्हा पुन्हा बारगळते, याचे सारे खापर कंपन्यांच्या स्वार्थावर आणि डॉक्टरांच्या लोभावर फोडणे सोपे आहे. त्यात तथ्यही पुष्कळ आहे. परंतु तेवढ्यावर थांबले तर या प्रश्नाचा जो अधिक अवघड भाग आहे तो नजरेआड राहतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की भारतातील ‘ब्रँड’ आणि अमेरिकेतील ‘ब्रँड’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अमेरिकेत ब्रँड म्हणजे बहुधा मूळ संशोधक कंपनीचे, पेटंटने राखलेले औषध. पेटंटची मुदत संपली की इतर कंपन्या तेच औषध मूळ नावाने स्वस्तात विकू लागतात, आणि १९८४ च्या कायद्याने त्यांचा मार्ग अधिक मोकळा झाल्यावर आज तेथील दहापैकी सुमारे नऊ चिठ्ठ्यांवर अशीच औषधे दिली जातात. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरील पेटंट काढून टाकले; केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेला पेटंट राहिले. हा कायदा १९७२ मध्ये अमलात आला आणि २००५ मध्ये औषधावरील पेटंट परत येईपर्यंत भारतीय कारखानदारांनी जगातील बहुतेक औषधे वेगळ्या प्रक्रियेने बनवून दाखविली. हे यश मोठे होते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पन्नासच्या दशकात पेनिसिलिन बनवून ज्या स्वावलंबनाचा पाया घातला होता त्यावर पुढे खासगी उद्योगाने इमले चढविले.

परंतु या यशाच्या पोटातच एक विकृती वाढत गेली. एकच औषध पन्नास-शंभर कारखाने बनवू लागले आणि प्रत्येकाने त्याला आपापले नाव दिले. पॅरासिटॅमॉल हे एकच द्रव्य क्रोसिन, कॅल्पॉल, मेटासिन, डोलो अशा कितीतरी नावांनी घरोघर ओळखले जाते. ज्याचे पेटंट कोणाकडेच नाही अशा औषधाला व्यापारी नाव देऊन त्यावर ब्रँडची किंमत घ्यावयाची, या प्रकाराला व्यापारात ‘ब्रँडेड जेनेरिक’ असे विसंगत नाव आहे आणि भारतातील औषधांच्या बाजारपेठेचा फार मोठा हिस्सा याच प्रकाराने व्यापलेला आहे. नावे इतकी झाली की ती एकमेकांत मिसळू लागली. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियावरील दोन औषधांच्या नावांचा वाद २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा औषधांच्या बाबतीत नामसादृश्याची कसोटी अधिक कडक असली पाहिजे असे न्यायालयाला सांगावे लागले. साबणाचे नाव चुकले तर फार तर पैसे वाया जातात; गोळीचे नाव चुकले तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही.

याचा भार कोणावर पडतो हे पाहावयाचे असेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या औषधाच्या दुकानासमोर उभे राहावे. निवृत्त शिक्षक किंवा कारकून रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या महिन्याच्या हिशेबाने घेण्यासाठी आलेला असतो. ताप-खोकल्याचे औषध तीन दिवसांत संपते. हे औषध जन्माचे असते. निवृत्तिवेतन येते त्या दिवशी दूध, वीज, घरभाडे यांच्याबरोबर आणखी एक ठराविक रक्कम बाजूला निघते आणि ती दर वर्षी वाढते. “यातले स्वस्तातले काही आहे का?” असे त्याने विचारले तर दुकानदार चिठ्ठीकडे बोट दाखवतो: “काका, डॉक्टरांनी हीच लिहिली आहे.” पुष्कळ वेळा मग तीस गोळ्यांऐवजी वीस घेतल्या जातात आणि एक दिवसाआड एक असा हिशेब घरी केला जातो. रक्तदाबाला हा हिशेब कळत नाही.

येथे दुकानदार खोटे बोलत नसतो. औषधांच्या १९४५ च्या नियमांतील ६५ व्या नियमाचा ११-अ हा पोटनियम त्याला तसे बजावतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यावयाच्या औषधांच्या बाबतीत, चिठ्ठीत लिहिलेल्याऐवजी दुसरे औषध, त्यातील द्रव्य तेच असले तरीसुद्धा, देता येत नाही. म्हणजे निवड करतो डॉक्टर, पैसे देतो रुग्ण, आणि ज्याच्या हाती दोन्ही पट्ट्या असतात त्या विक्रेत्याला एकीऐवजी दुसरी देण्याची मनाई. ग्राहकाला कोणत्याही अन्य वस्तूच्या खरेदीत जो अधिकार सहज असतो तो येथे मुळातच नाही. अशा बाजारात कंपनीने ग्राहकाला प्रसन्न करण्याचे कारण उरत नाही. डॉक्टरला प्रसन्न केले की पुरते. वैद्यकीय प्रतिनिधींच्या फौजा, भेटवस्तू, परदेशातील परिषदा हे सारे या रचनेतून निघाले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपन्यांना प्राप्तिकरातून वजा करता येणार नाही असा निर्णय दिला. इतकी वर्षे हा खर्च धंद्याचा रीतसर खर्च म्हणून दाखविला जात होता, ही गोष्ट निर्णयाइतकीच बोलकी आहे.

तेव्हा मूळ नावाची सक्ती केली की सारे सुरळीत होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तसे होत नाही.

निवड दुकानदाराकडे जाते

डॉक्टरने ‘अ‍ॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम’ एवढेच लिहिले अशी कल्पना करावी. दुकानात या द्रव्याच्या पाच कंपन्यांच्या पट्ट्या आहेत. त्यांतील कोणती द्यावयाची हे आता रुग्ण ठरवील काय? त्याला त्यांतील भेद कळण्याचे कोणतेही साधन नाही. ठरविणार दुकानदार, आणि तो स्वाभाविकपणे जीत त्याला अधिक सुटते तीच पुढे करणार. मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या औषधांच्या व्यापारातील कटु सत्य असे की कंपनी ती विक्रेत्याला अल्प किमतीत देते, परंतु पट्टीवरची छापील किंमत पुष्कळदा ब्रँडच्या जवळपास असते. मधला फरक विक्रेत्याच्या पदरात पडतो. ब्रँडच्या बाबतीत जो पैसा डॉक्टरच्या मनधरणीवर खर्च होतो तोच येथे दुकानदाराच्या मनधरणीवर होतो. रुग्णाच्या दृष्टीने खिसा तोच आणि कात्रीही तीच. २०२३ मध्ये डॉक्टरांच्या संघटनांनी घेतलेला हा आक्षेप त्यांच्या सोयीचा होता, हे खरे. पण सोयीचा आक्षेप खोटाच असतो असे नाही.

किमतींवर सरकारचे नियंत्रण आहे, असे यावर सांगितले जाईल. १९७९ च्या आदेशाने ३४७ मूलद्रव्ये किंमत नियंत्रणाखाली होती. १९८७ मध्ये ती १४२ वर आली आणि १९९५ नंतर ७४ वर. २०१३ च्या आदेशाने अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधे नियंत्रणाखाली घेतली हे चांगले झाले, परंतु किंमत ठरविण्याची रीतच पालटली. पूर्वी उत्पादनखर्चावरून किंमत ठरे. आता बाजारात एक टक्का वा अधिक विक्री असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढून तीवर विक्रेत्याचे सोळा टक्के चढविले जातात. ज्या चढ्या किमतींना आवर घालावयाचा त्यांचीच सरासरी म्हणजे कमाल किंमत, असा हा न्याय आहे. गोळी बनवायला किती खर्च आला हा प्रश्न त्यात उद्भवतच नाही.

जे. जे. ते छिंदवाडा

तथापि किमतीपेक्षाही मोठी शंका गुणवत्तेची आहे, आणि ती केवळ कंपन्यांनी पसरविलेली अफवा म्हणून झटकून टाकता येणार नाही. मुंबईला तर तसे करण्याचा अधिकार मुळीच नाही. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेल्या चौदा रुग्णांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरले जाणारे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने १९८७ मध्ये दिलेल्या अहवालात पुरवठादारापासून रुग्णालयाच्या खरेदीपर्यंत आणि औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत साऱ्या साखळीचे वाभाडे काढले. हे ग्लिसरॉल कोणत्याही भपकेबाज नावाने आलेले नव्हते. रुग्णालयाने मूळ नावाचे स्वस्त औषध घेतले आणि ते तपासणारी यंत्रणा झोपेत होती.

मग ब्रँड सुरक्षित म्हणावेत काय? सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील कित्येकांना अखेरच्या उपचारांसाठी नागपूरला आणण्यात आले होते. या औषधाला व्यापारी नाव होते, ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले होते, आणि त्याच्या नमुन्यात जे विष सापडले ते तेच होते: डायइथिलीन ग्लायकॉल, आणि तेही जवळजवळ निम्म्या प्रमाणात. जे. जे. प्रकरणाला तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती. नाव नव्हते म्हणून मुंबईतील रुग्ण मेले नाहीत आणि नाव होते म्हणून छिंदवाड्याची मुले वाचली नाहीत. दोन्ही ठिकाणी बाटली रुग्णाच्या हाती जाण्यापूर्वी कोणीतरी एक चाचणी करावयाची होती आणि ती झाली नाही.

गुणवत्तेचा दुसरा भाग याहून सूक्ष्म आहे. गोळीत द्रव्य पुरेपूर असूनही ते रक्तात योग्य प्रमाणात उतरेलच असे नाही. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधाच्या कॅप्सूलमधील भरणद्रव्य, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज, असे बदलण्यात आले. मुख्य द्रव्याची मात्रा तीच होती. परंतु ते रक्तात अधिक उतरू लागले आणि रुग्णांना विषबाधेची लक्षणे झाली. एका गोळीऐवजी दुसरी देता येईल की नाही हे ठरविणारी जैवसमतुल्यतेची चाचणी याकरिता असते. माणसांना दोन्ही औषधे देऊन ती रक्तात किती आणि किती वेळात उतरतात हे तीत मोजले जाते. भारतात पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांच्या बाबतीत ही चाचणी परवान्यासाठी सक्तीची झाली ती एप्रिल २०१७ मध्ये. तत्पूर्वी औषध बाजारात येऊन चार वर्षे लोटली की राज्याच्या औषध प्रशासनाकडून त्याचा परवाना या चाचणीवाचून मिळू शकत असे. म्हणजे एक गोळी दुसरीच्या जागी चालेल असे ज्यांच्याविषयी छातीठोकपणे सांगता येईल अशा औषधांबरोबरच, ज्यांच्याविषयी ते कोणी कधी तपासलेच नाही अशीही औषधे दुकानात एकाच फळीवर मांडलेली आहेत. यात ब्रँडवाली आहेत आणि बिनब्रँडचीही आहेत.

कायदा अशा वेळी काय करू शकतो याचे उदाहरण शेजारीच आहे. पाकिस्तानात भुट्टो सरकारने १९७२ मध्ये कायदा करून व्यापारी नावे एका फटक्यात बंद केली. हेतू स्तुत्य होता. परंतु तपासणीची यंत्रणा नव्हती, डॉक्टर विरोधात होते, हलक्या मालाचा सुळसुळाट झाला आणि मूळ नावाच्या औषधांवरील विश्वासच उडाला. १९७६ मध्ये हा प्रयोग गुंडाळावा लागला. वाईट अंमलबजावणीने एक चांगली कल्पना एका पिढीपुरती तरी बदनाम झाली.

याच्या उलट तमिळनाडूने कोणत्याही डॉक्टरला सक्ती केली नाही. तेथील सरकारने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. हे महामंडळ साऱ्या सरकारी रुग्णालयांसाठी औषधे एकगठ्ठा आणि मूळ नावाने विकत घेते. जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची गोदामे आहेत. प्रत्येक खेपेचे नमुने कारखान्याचे नाव झाकून प्रयोगशाळेकडे जातात, आणि निष्कर्ष आल्यावाचून माल रुग्णालयाकडे जात नाही. सरकारी रुग्णालयातील डॉक्टर मूळ नाव लिहितो, कारण फळीवर तेच असते. आणि रुग्ण ते निःशंकपणे घेतो, कारण कोणीतरी ते तपासलेले असते. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषधांची योजना याच धर्तीवर सुरू केली. छिंदवाड्याच्या मुलांना दिलेले औषध तमिळनाडूतच बनले होते, ही गोष्ट येथे लपविण्याचे कारण नाही. ती इतकेच दाखविते की सरकार स्वतःच्या रुग्णालयांसाठी जी दक्षता घेते ती खासगी बाजारासाठी त्याच राज्यात घेतली जात नव्हती. महाराष्ट्राने प्रथम २०१७ मध्ये हाफकिनकडे खरेदी सोपविली आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण स्थापिले. तमिळनाडूने जे एकदा केले आणि नेटाने चालविले ते येथे दोनदा नव्याने मांडावे लागले आहे.

केंद्राची जनऔषधी केंद्रे २००८ पासून आहेत आणि त्यांची संख्या आता पंधरा हजारांवर गेली आहे. त्यांच्यामुळे किमतीचा भेद सामान्य माणसाच्या डोळ्यांना प्रथमच उघड दिसला, हे या योजनेचे श्रेय आहे. परंतु डॉक्टरच्या चिठ्ठीवर ब्रँड आणि केंद्राच्या फळीवर मूळ नाव, अशी स्थिती असेपर्यंत दोहोंतील भाषांतर रुग्णालाच करावे लागते. ते ज्याला येते त्याचे पैसे वाचतात. तालुक्याच्या गावी डॉक्टरच्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या वृद्धेला ते येत नाही.

एवंच, क्रम उलटा लावला गेला आहे. आधी डॉक्टरची लेखणी बांधावयाची आणि गुणवत्तेचे मागाहून पाहावयाचे, हा मार्ग दोनदा फसला आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्ये दर पन्नास कारखान्यांमागे आणि दर दोनशे दुकानांमागे एक औषध निरीक्षक असावा असे सुचविले होते. राज्ये त्या प्रमाणापासून अजून दूर आहेत. कमअस्सल ठरलेल्या औषधांची यादी केंद्रीय औषध नियंत्रण संघटना दरमहा प्रसिद्ध करते, पण ती इंग्रजीत आणि संगणकावर. अन्न व औषध प्रशासनाने ती मराठीत छापून प्रत्येक औषधाच्या दुकानात लावावी, याला कोणत्याही समितीची आवश्यकता नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगावरील ४२ औषधांच्या बाबतीत व्यापाऱ्यांच्या नफ्यावर तीस टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली होती. तीच मर्यादा मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांना लावली तर दुकानदाराला कोणती पट्टी पुढे करावी याचे प्रलोभन उरणार नाही. जुन्या परवान्यांवरील ज्या औषधांना जैवसमतुल्यतेची चाचणी आवश्यक आहे त्यांना ती मुदत घालून करावयास लावावी आणि जी उत्तीर्ण होतील त्यांच्या पट्टीवर तसे छापावे. अशा औषधांपुरता ६५ व्या नियमातील अडसर काढून टाकावा, म्हणजे ग्राहकाने मागितल्यास विक्रेत्याला स्वस्त पट्टी राजरोस देता येईल.

नियमातील ही दुरुस्ती एका ओळीची आहे आणि एका अधिसूचनेने होऊ शकते. प्रयोगशाळांना इमारती लागतात, उपकरणे लागतात, पगारी विश्लेषक लागतात आणि वर्षे लागतात. वैद्यकीय आयोगाला स्थगित केलेला नियम पुन्हा आणावयाचा असेल तेव्हा केंद्राने आणि प्रत्येक राज्याने औषध निरीक्षकांची व विश्लेषकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि मागील वर्षी बाजारातून उचलून तपासलेले नमुने किती, हे तीन आकडे त्याच दिवशी जाहीर करावेत.